बहिणीला रोट नाही

आज कानबाईचा रविवार. पुण्या-सुरतेकडचे भाऊबंद कालच गावी उतरले असतील, तेव्हा रोट म्हणजे काय हे देवळ्याच्या वाचकाला सांगत बसत नाही. सांगायचंय ते इराकमधल्या एका बाईबद्दल.

मेसोपोटेमियाच्या देवी म्हटलं की सगळे इनानावर तुटून पडतात. सात दारांवर अंगावरचा एकेक साज उतरवून देत पाताळात गेलेली इनाना. कथा मोठीच, वाद नाही. पण शेवटी येणाऱ्या गेश्तिनान्नाकडे कोण बघतो? इनाना परतली, तर नवरा दुमुझी सुतक पाळायचं सोडून नटूनथटून सिंहासनावर बसलेला. आपल्या बदली तिनं त्यालाच पाताळाच्या दूतांच्या हवाली केलं. गेश्तिनान्ना त्याची बहीण. दूतांनी छळलं तरी तिनं भावाचा ठावठिकाणा सांगितला नाही. सांगितला तो त्याच्या मित्रानं, लाच खाऊन. अखेर निवाडा झाला, सहा महिने भाऊ पाताळात, सहा महिने त्याच्या जागी ही. राखीपौर्णिमा तोंडावर असताना ही गोष्ट आपल्याला परकी का वाटावी?

ती टिकली, कारण ओल्या मातीच्या पाटीवर कुणीतरी लिहून ठेवली. त्याच मुलखात, इसवीसनापूर्वी २३०० च्या सुमारास, सार्गोन राजाची मुलगी एनहेदुआन्ना उर शहरात मुख्य पुजारीण होती. इनानाची स्तोत्रं तिच्या नावावर आहेत. तिची आकृती कोरलेली दगडी तबकडी १९२७ मध्ये लिओनार्ड वूलींच्या उत्खननात सापडली.

आमच्या कानबाईला अशी पाटी नाही. चौरंगावरचा नारळ, त्याला डोळे, नाक, नथ. तिची नि कन्हेरची सगळी हकिगत अहिराणी गाण्यांत, आणि गाणी जुन्या बायांच्या तोंडी. जागरणाला डीजे आला की पहिला बळी त्यांचाच.

रोटाचंही बघा. बऱ्याच घरी गहू मोजतात ते घरातल्या बाप्यांच्या नावानं, माणशी सव्वा मूठ. दळणार-रांधणार बाया, देवीही बाई, मूठ मात्र पुरुषाची. लग्न होऊन गेलेली बहीण परक्या कुळाची, म्हणून तिला रोट चालत नाही. तिकडे भावासाठी अर्धं वर्ष पाताळात काढणारी बहीण, इकडे तिला पुरीचा तुकडा नाही! रूढी जुनी आहे, हे मला उत्तर वाटत नाही.

उद्या कानबाई लोहोणेरला गिरणेवर निघेल. त्याआधी एखाद्या सुनेनं सासूची गाणी मोबाइलवर धरून ठेवावीत. रोटाचं काय करायचं, ते भाऊबंदांनी आज जेवतानाच ठरवावं; बहिणीला समोर बसवून.