शिंपी शिंपीच राहतो, तरीही राजकन्या येते!

ऑपेरेटा म्हणजे हलकीफुलकी संगीतिका. राजवाडा, राजकन्या, गमतीचे गैरसमज आणि पात्रांच्या तोंडी गाणी. युरोपच्या रंगभूमीवरचा हा प्रकार बोलपट येताच हॉलिवूडने उचलला. १९२९ सालच्या ‘द लव्ह परेड’मध्ये जेनेट मॅकडोनाल्ड आणि मॉरिस शेव्हालिए ही जोडी गाजली. पुढे १९३५ ते १९४२ या काळात जेनेटने नेल्सन एडीबरोबर आठ चित्रपट केले.

राजेरजवाड्यांच्या या गोष्टींत कष्टकऱ्यांचे काय काम, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर म्हणजे १९३२ सालचा ‘लव्ह मी टुनाइट’. दिग्दर्शक रूबेन मामुलियन, संगीत रिचर्ड रॉजर्स यांचे. मंदीने अमेरिकेतले लाखो कामगार बेकार झाले होते, ते हे दिवस.

चित्रपट उघडतो पॅरिसच्या पहाटेत. रस्ता खणणारी कुदळ, झाडूची सरसर, जोडे शिवणाऱ्यांच्या हातोड्यांचे ठोके. एकेक आवाज मिळत जातो आणि साऱ्या वस्तीचा ताल बनतो. मग मॉरिस शिंप्याच्या दुकानात एक गाणे सुरू होते. ते गिऱ्हाईक गुणगुणते, टॅक्सीवाला उचलतो, आगगाडीतले सैनिक गातात, जिप्सींच्या तळावर ते वाजते आणि शेवटी दूरच्या गढीत एकाकी राजकन्येच्या कानी पडते. गाण्याला ना दार आडवे येते, ना दर्जा!

मॉरिस गढीवर जातो तो प्रेमासाठी नव्हे, पैशांसाठी. एका उमरावाने कपडे शिवून घेतले, बिल मात्र बुडवले. घामाचे दाम मागायला गेलेल्या या माणसाला तो उमराव घाबरून ‘बॅरन’ म्हणून पुढे करतो. सगळे त्याला मान देतात. राजकन्याही भाळते.

पण राजकन्येचा घोडेस्वारीचा पोशाख नीट बसलेला नाही, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. तो स्वतः कात्री हाती घेतो. पोशाख अप्रतिम होतो आणि त्याचे बिंग फुटते. कालपर्यंत वाकणारी गढी नाक मुरडून गाऊ लागते की, हा तर नुसता शिंपी! त्या गाण्यात नोकरचाकरही सामील होतात. उतरंडीतला खालचा माणूसही आपल्याखाली कोणी शोधतो, हे कडू सत्य हसतहसत सांगितले आहे.

अशा कथांत बहुधा शेवटी नायक खराच राजपुत्र निघतो आणि सारे सुखी होतात. इथे तसे होत नाही. मॉरिस शिंपीच राहतो, पॅरिसची गाडी पकडतो. बदलावे लागते राजकन्येला. ती घोडा दौडवते, गाडीच्या पुढे जाऊन रुळांवर उभी ठाकते. गाडी थांबते.

१९९० साली हा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी निवडला गेला. मिळाला तर मुलाबाळांसह जरूर पाहावा. भाषा अडली तरी कुदळीचा आणि हातोडीचा ताल कोणालाही कळतो.