काचेवरच्या रेघा आणि ग्रॅनाइटचं पाणी

हैदराबादच्या नळाला येणारं बरंचसं पाणी महाराष्ट्रात उगम पावलेल्या नद्यांचं आहे. महाबळेश्वरची कृष्णा नागार्जुनसागरमार्गे येते, त्र्यंबकेश्वरची गोदावरी येल्लमपल्लीहून आणि बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात निघालेली मांजरा संगारेड्डीकडून. मुसी नदीच्या १९०८ च्या महापुरानंतर बांधलेले उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे तलाव त्याही आधीचे. उस्मानसागरला लोक गंडीपेट म्हणतात, आणि गंडीपेटचं पाणी प्यायलेला माणूस हैदराबाद सोडून जात नाही, असं इथली जुनी माणसं सांगतात. पण शहर आता चहूबाजूंनी पसरलं आहे. नव्या वसाहतींमधल्या अनेक सोसायट्यांना नळाचं पाणी पुरत नाही. तिथे इमारतीखालच्या टाकीत, म्हणजे ‘संप’मध्ये, नळाचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकत्र होतं. पिण्यासाठी घरोघरी आरओ असतो; खिडक्या मात्र या मिश्र पाण्यानेच पुसल्या जातात.

आणि मग तक्रार सुरू होते. काच घासूनपुसून लख्ख केली तरी ऊन तिरपं झालं की तिच्यावर पांढरट रेघा, अर्धगोल ओघळ, ठिपके दिसायला लागतात. पुन्हा पुसलं की नव्या जागी नव्या रेघा. कित्येक घरांत याचा राग कामाला येणाऱ्या बाईंवर निघतो, आणि तो अन्याय आहे. त्यांनी काच पुसलेली असते, चांगली पुसलेली असते. त्या रेघा बाहेरच्या धुळीच्या नसतातच. त्या बादलीतल्या पाण्यातून आलेल्या असतात.

हैदराबाद ज्या ग्रॅनाइटवर उभं आहे तो सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा. बंजारा हिल्सला किंवा गोवळकोंड्याच्या वाटेवर एकावर एक रचल्यासारख्या दिसणाऱ्या गोल शिळा त्याच्याच. हा खडक स्वतः पाणी धरत नाही. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांमध्ये. पावसाचं पाणी मातीतून उतरताना कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं आणि भेगांमध्ये मुरताना फेल्डस्पारसारख्या खनिजांना हळूहळू विरघळवतं. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट आणि सिलिका पाण्यात उतरतात. शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन पाणी ते हेच. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची मर्यादा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. अनेक बोअरचं पाणी पहिली मर्यादा सहज ओलांडतं.

आता थोडा हिशेब करू. ओल्या फडक्याने पुसल्यावर काचेवर समजा २० मायक्रॉन जाडीचा पाण्याचा थर उरला. एक चौरस मीटर काचेवर ते २० मिलिलिटर पाणी झालं. त्यात लिटरला १००० मिलिग्रॅम क्षार असतील तर पाणी उडून गेल्यावर मागे २० मिलिग्रॅम क्षार राहतात. हे क्षार काचेवर सारखे पसरले असते तर त्यांची जाडी ७-८ नॅनोमीटर भरली असती, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पन्नासाव्या भागाइतकीही नाही. असा थर डोळ्याला दिसलाच नसता. मग रेघा दिसतात कशा?

कारण क्षार सारखे पसरत नाहीत, ते कडेला जमा होतात. शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन, सिडनी नेगेल, टॉम विटेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये याचा उलगडा केला. त्यांचा प्रश्न सांडलेल्या कॉफीच्या डागाचा होता: डाग वाळल्यावर कडेलाच गडद का होतो? थेंबाची कड पृष्ठभागावरच्या बारीक खडबडीतपणात अडकून बसते, आत सरकत नाही. कडेचं पाणी मधल्यापेक्षा लवकर उडतं. कड जागची हलत नसल्याने ती तूट भरून काढायला मधलं पाणी सतत बाहेरच्या दिशेने वाहत राहतं आणि जाताना सगळा गाळ कडेला नेऊन टाकतं. काचेवर फडक्याच्या प्रत्येक फटकाऱ्यामागे राहिलेली पाण्याची पट्टी अशीच वाळते. नजरेला न दिसणारे २० मिलिग्रॅम तिच्या दोन कडांवर गोळा होतात, बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण उरतात. समोरून पाहताना ते लपतात. ऊन तिरपं आलं की हेच कण प्रकाश डोळ्यांच्या दिशेने विखुरतात आणि अख्खी काच धुरकट दिसते.

म्हणून माझ्या मते काच पुसण्याचं सगळं कौशल्य एका गोष्टीत आहे: पाणी काचेवर वाळू द्यायचं नाही, ते द्रव असतानाच काढून घ्यायचं. मळ सुटायला पाणी हवंच. पण मळ सुटल्यावर पाण्याला काचेवर थांबायचं कारण उरत नाही. हैदराबादच्या एप्रिल-मेच्या कोरड्या, चाळिशीला टेकलेल्या हवेत उन्हात तापलेली काच पुसायला घेतली, तर फडकं दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं. सकाळी लवकर, सावलीतली बाजू आधी, आणि एका वेळी एकच काच, एवढ्याने निम्म्या रेघा टळतात.

संगणकाच्या चिप बनवणारे याच तत्त्वाची काळजी आपल्याहून कितीतरी जास्त घेतात. सिलिकॉनच्या चकतीवर क्षाराचा कणही त्यांना चालत नाही. फिलिप्स कंपनीतल्या संशोधकांनी १९९० मध्ये अशी रीत मांडली: चकती अतिशुद्ध पाण्यातून सावकाश वर काढायची आणि पाण्याच्या कडेवर आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ सोडायची. कडेच्या पातळ पाण्यात अल्कोहोल मिसळून तिथला पृष्ठताण कमी होतो, आणि जास्त पृष्ठताणाचं खालचं पाणी त्या पातळ थराला आपल्याकडे ओढून घेतं. चकती कोरडी होते, पण तिच्यावरचं पाणी वाळत नाही, ओढलं जातं.

पृष्ठताणाचं हे शास्त्र मोजमापाच्या पातळीवर आणण्यात मोठा वाटा आहे तो स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एका बाईंचा. ॲग्नेस पोकेल्स जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात आईवडिलांची सेवा करत घर सांभाळायच्या. तेव्हा तिथल्या विद्यापीठांचे दरवाजे मुलींना बंद होते. भांडी घासताना तेल-साबणाने पाण्याचा पृष्ठभाग कसा बदलतो हे त्यांनी पाहिलं आणि पत्र्याच्या उथळ भांड्यात ते मोजायचं साधन स्वतः तयार केलं. १८९१ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना आपले निष्कर्ष पत्राने कळवले. रॅले यांनी ते पत्र त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये छापून आणलं. घरकामातून थेट विज्ञानाच्या पायाशी पोहोचलेलं इतकं सुंदर संशोधन दुसरं क्वचितच असेल.

त्याचा आपल्या बादलीशी संबंध असा. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. भांडी घासायच्या लिक्विडने तो निम्म्याच्याही खाली येतो, पाणी काचेवर पसरतं, तेलकट मळ सुटतो. पण एका ठरावीक प्रमाणानंतर आणखी लिक्विड घातलं तरी पृष्ठताण आणखी उतरत नाही; जास्तीचे रेणू आपापसात गोळे करून पाण्यात राहतात आणि शेवटी काचेवर चिकट पापुद्रा म्हणून वाळतात. बादलीभर पाण्याला काही थेंब पुरतात. साबणाची वडी मात्र वापरूच नये: दुष्फेन पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून तिचा न विरघळणारा पांढरा साका होतो.

पाणी काढून घेण्याचं सगळ्यात चांगलं साधन रबराच्या पात्याचं आहे. इटलीहून कॅलिफोर्नियात गेलेल्या एत्तोरे स्टेकोने या खिडक्या पुसणाऱ्या कामगाराने पितळेच्या हलक्या दांड्यात एकच पातळ रबरी पातं बसवलं आणि १९३० च्या दशकात त्याचं पेटंट मिळवलं. आजचा काच पुसायचा वायपर मुळात तोच. तो चालवण्याआधी काचेच्या वरच्या कडेची बोटभर पट्टी कोरडी करून घ्यावी, म्हणजे पात्याचं टोक कोरड्या जागी टेकतं आणि चौकटीतलं पाणी आत ओढलं जात नाही. प्रत्येक फेरीनंतर पातं पुसावं. काचेच्या एका बाजूने आडवं आणि दुसऱ्या बाजूने उभं पुसलं, तर एखादी रेघ उरलीच तरी ती कोणत्या बाजूची हे लगेच कळतं. बाहेरची बाजू हाताला येत नसेल तर ती राहू द्यावी. सातव्या मजल्याच्या कठड्यावर कुणालाही, विशेषतः कामाच्या बाईंना, उभं करू नये.

वायपर नसेल तर जुना वर्तमानपत्राचा कागदही चालतो. हा कागद पाणी शोषतो, धागे सोडत नाही आणि शाईतल्या काजळीचे कण मळ हलकेच घासून काढतात. गुळगुळीत, चकचकीत पुरवण्यांचा कागद पाणी शोषत नाही, तो घेऊ नये. नव्या सुती फडक्याचे धागे काचेवर राहतात. अनेकदा धुतलेला पंचा त्याहून बरा.

शेवटच्या हातासाठी या शहरात एक उत्तम पाणी फुकट मिळतं आणि आपण ते गटारात सोडतो: एसीतून ठिबकणारं. ते हवेतल्या बाष्पाचं झालेलं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नाहीत. पिण्याचं ते नव्हे, पण काचेला याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. उंच इमारती धुणारे काही व्यावसायिक क्षार काढलेलं पाणी लांब ब्रशमधून सोडतात आणि काच पुसतच नाहीत. मागे ठेवायला पाण्याकडे काही नसतंच. आरओचं शुद्ध पाणीही चालतं.

क्षार आधीच बसले असतील तर व्हिनेगर लावून पाच-दहा मिनिटं थांबावं. त्यातलं ॲसेटिक आम्ल कॅल्शियम कार्बोनेट विरघळवतं. पण खिडकीखाली बघावं: हैदराबादच्या घरांत तांदूरची किंवा शहाबादी फरशी असते, आणि तो चुनखडीचा दगड, म्हणजे तेच कॅल्शियम कार्बोनेट. काचेवरचा डाग काढणारं आम्ल फरशीची झिलई घालवतं. ग्रॅनाइटच्या कट्ट्याला धोका नाही. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो.

व्हिनेगरनेही न जाणारे डाग बहुतेक सिलिकाचे. काच स्वतः मुख्यतः सिलिकाचीच असते, त्यामुळे ग्रॅनाइटच्या पाण्यातली सिलिका एकदा वाळून बसली की तिला काचेपासून वेगळं करणारं सुरक्षित आम्ल घरात नसतं. शेजारच्या बांधकामावरून ओघळणारं सिमेंटचं पाणी आणखी वाईट. ते तीव्र अल्कधर्मी असतं आणि काचेलाच कोरतं. ते दिसताक्षणी भरपूर पाण्याने धुवावं. महिनाभराने काहीच करता येत नाही.

स्वतः स्वच्छ होणारी काचही बाजारात आहे. पिल्किंग्टन कंपनीने २००१ मध्ये आणलेल्या काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिपातळ थर असतो. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी तो सेंद्रिय मळ मोडतो आणि पावसाचं पाणी थेंब न करता चादरीसारखं उतरवतो. हैदराबादजवळ बाळापूरला असलेल्या एआरसीआय या संशोधन संस्थेनेही सौर पॅनलवरची धूळ सहज धुतली जावी म्हणून लेप विकसित केले आहेत. मात्र स्वतः स्वच्छ होणाऱ्या काचेचा धुणारा गडी पाऊस आहे, आणि इथे तो मुख्यतः जून ते सप्टेंबर पडतो. उरलेले आठ महिने ती हातानेच धुवावी लागते, आणि बोअरच्या पाण्याने धुतली तर तिच्यावरही रेघा उमटतात.