उन्हाळ्यात वेग हवा, तर व्होल्टेज उतरवा

गेमिंग लॅपटॉपचे परीक्षण वाचताना ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाचा आकडा आपण नीट पाहतो, पण तो कोणत्या खोलीत मोजला होता हे पाहायचे राहून जाते. अशा चाचण्या बहुधा २० ते २५ अंश सेल्सिअसच्या खोलीत होतात. डेटा सेंटरमधल्या यंत्रांत शिरणारी हवाही १८ ते २७ अंशांची असावी, अशी 'आश्रे' या अमेरिकी संस्थेची शिफारस आहे. आता हाच लॅपटॉप सालेकशात आणून ठेवा. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या वेशीवर, हावडा-मुंबई लोहमार्गालगतचे हे तालुक्याचे गाव. भोवती जंगल आणि धानाची शेती असली, तरी मे महिन्यात गोंदिया जिल्ह्याचा पारा ४२-४४ अंशांवर जाणे इथे नवलाचे नाही. पत्र्याच्या छपराखाली नुसता पंखा फिरत असेल, तर लॅपटॉपच्या जाळीतून आत जाणारी हवाच चाळिशी ओलांडलेली असते. अशा ठिकाणी ओव्हरक्लॉकिंगचे सर्वत्र सांगितले जाणारे सूत्र, म्हणजे वेग वाढवा आणि पंखे जोरात सोडा, हे उलटे धरायला हवे. आधी व्होल्टेज उतरवायचे, वेगाचा विचार त्यानंतर करायचा. हे मत नुसत्या सावधगिरीतून आलेले नाही, त्यामागे साधे अंकगणित आहे.

चिपमधून बाहेर पडणारी उष्णता हवेला किती देता येईल, हे चिप आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. पंखे तेच, जाळी तीच, तर ढोबळमानाने जेवढा फरक तेवढी उष्णता बाहेर. समजा, २५ अंशांच्या खोलीत ११५ वॅट खाणारी चिप ८० अंशांवर स्थिरावते. फरक ५५ अंशांचा. खोली ४२ अंशांची झाली की तेवढीच उष्णता बाहेर टाकण्यासाठी चिपला ९७ अंशांवर जावे लागेल. पण लॅपटॉपमधल्या अनेक ग्राफिक्स चिप ८७ अंशांच्या आसपास पोचल्या की स्वतःच वेग कमी करतात. म्हणजे वापरता येण्याजोगा फरक उरला ४५ अंशांचा, पूर्वीच्या सुमारे ८२ टक्के. ११५ वॅटची चिप त्या दुपारी ९४ वॅटचीच राहते. तुम्ही सॉफ्टवेअरमधली वेगाची पट्टी कितीही उजवीकडे सरकवा, खोलीतली हवा एवढ्याच उष्णतेची परवानगी देते.

यावर पहिला विचार शीतकरण वाढवण्याचा येतो, म्हणून ते कसे चालते हे जवळून पाहू. लॅपटॉपमध्ये बहुधा वेगळे कार्ड नसते. चिप मदरबोर्डावर सोल्डर केलेली असते, बोलण्यात मात्र 'कार्ड' रुळले आहे. चिपवर थर्मल पेस्टचा पातळ थर, त्यावर तांब्याची पट्टी आणि पट्टीला जोडलेल्या चपट्या तांब्याच्या नळ्या. या नळ्या भरीव नसतात. आतली हवा काढून त्यांत थोडेसे पाणी बंद केलेले असते. दाब अगदी कमी असल्यामुळे ते पाणी शंभर अंशांची वाट न पाहता चिपच्या टोकाला उकळते, वाफ नळीतून पंख्याच्या टोकाकडे धावते, तिथल्या पातळ पात्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत परत येते. रांजणातले पाणी ज्या बाष्पीभवनाने गार होते, तेच इथे बंद नळीत अखंड फिरत असते. पण नळी उष्णता एका जागेहून दुसऱ्या जागी नेते, नाहीशी करत नाही. शेवटी ती खोलीतल्या हवेलाच द्यायची आहे आणि हवा आधीच तापलेली आहे. लॅपटॉप मागून बोटभर उचलला, गादीवरून काढून टेबलावर ठेवला, पात्यांतली धूळ काढली, तर काही अंश नक्की मिळतात आणि ते मिळवावेतच. २५ आणि ४२ अंशांच्या खोल्यांमधली सतरा अंशांची तूट मात्र एवढ्याने भरून निघत नाही.

ती भरून निघते व्होल्टेजने. चिपमधले ट्रान्झिस्टर उघडझाप करताना जी शक्ती खातात, ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडले होते की ट्रान्झिस्टर लहान होत जातील तसे व्होल्टेजही उतरवता येईल, म्हणून वेग वाढूनही चिप तापणार नाही. तीसेक वर्षे तसेच घडले. २००५च्या आसपास व्होल्टेज उतरणे जवळपास थांबले आणि वाढत्या वेगाची किंमत उष्णतेत मोजावी लागू लागली. आजच्या चिपवर थोडी सवलत शिल्लक आहे, ती वेगळ्या कारणाने. एकाच साच्यातून निघालेल्या चिप तंतोतंत सारख्या नसतात. सर्वांत कमकुवत चिपही प्रत्येक परिस्थितीत चालावी म्हणून कंपनी सगळ्यांनाच थोडे जास्त व्होल्टेज देते. तुमच्या हातातली चिप बहुधा त्याहून कमीत काम करू शकते. जो वेग ९५० मिलिव्होल्टवर मिळत होता तो ८५० वर मिळाला, तर शक्तीची गरज ८० टक्क्यांवर येते. उन्हाने मागितली होती ८२. मेमरी आणि इतर भागांना हे गणित लागू होत नसल्याने प्रत्यक्षातली बचत थोडी कमी भरते, हे खरे. उलट, गार चिपमधून वाया जाणारा गळती-प्रवाहही घटतो, हेही खरे.

इथे जाणकार वाचक एक रास्त हरकत घेईल. लॅपटॉपच्या चिपला वॅटची मर्यादा कंपनीनेच घातलेली असते. आरटीएक्स ४०६० ची लॅपटॉप आवृत्ती ३५ ते ११५ वॅटच्या दरम्यान बसवलेली असते. मग वेगाची पट्टी शंभर मेगाहर्ट्झने वाढवली तरी चिप मर्यादेबाहेर वीज घेणार नाही आणि उष्णताही वाढणार नाही, असा तो मुद्दा. तो बरोबर आहे, आणि त्यातूनच माझे म्हणणे पक्के होते. त्या पट्टीने व्होल्टेज वाढत नाही. प्रत्येक व्होल्टेजवर मिळणारा वेग वाढतो. म्हणजे ओव्हरक्लॉकिंग आणि अंडरव्होल्टिंग (व्होल्टेज उतरवणे) या इथे व्होल्टेज आणि वेग यांच्या एकाच आलेखाच्या दोन बाजू आहेत. मिळालेली सवलत जास्त मेगाहर्ट्झमध्ये घ्यायची की कमी वॅटमध्ये, एवढाच निर्णय आपल्याकडे असतो. थंड खोलीत वॅटची मर्यादा आधी लागते, तिथे मेगाहर्ट्झ घेणे शहाणपणाचे. तापलेल्या खोलीत तापमानाची मर्यादा आधी लागते. तिथे वॅट सोडल्याखेरीज मेगाहर्ट्झ टिकतच नाहीत. आणि मिळते तरी किती? वेग पाच टक्के वाढला तर सेकंदाला ६० चित्रांची फार तर ६३ होतात. चिप तापून वेग वर-खाली करू लागली, तर खेळात बसणारे झटके त्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवतात.

प्रत्यक्ष काम अवघड नाही. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर उघडून कंट्रोल आणि एफ दाबले की हा आलेख समोर येतो: आडवे व्होल्टेज, उभा वेग, मध्ये ठिपक्यांची चढती रेघ. हवा असलेला वेग आणखी डावीकडच्या ठिपक्यावर उचलायचा आणि त्याच्या उजवीकडची रेघ सपाट करायची. एका वेळी २५ मिलिव्होल्टच उतरावे आणि प्रत्येक पायरीवर नेहमीचा जड खेळ तासभर चालवून पाहावा. व्होल्टेज फार उतरले तर खेळ बंद पडतो किंवा पडदा गोठतो. चिप त्याने जळत नाही. मग एक पायरी मागे यायचे. लॅपटॉप नवा असेल, तर वॉरंटीच्या अटी त्याआधी वाचून घ्याव्यात. प्रोसेसरच्या व्होल्टेजला मात्र अनेक लॅपटॉपमध्ये हात लावता येत नाही. २०१९ मध्ये 'प्लंडरव्होल्ट' ही सुरक्षेतली त्रुटी उघड झाल्यावर ती सोय बऱ्याच ठिकाणी कुलूपबंद झाली. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्या नळ्या बहुधा सामाईक असल्याने, प्रोसेसरचा टर्बो वेग आवरला तरी ग्राफिक्सला दिलासा मिळतो.

चिप स्वतःला वाचवतेच, मग ८७ अंशांची एवढी चिंता कशाला, असेही विचारले जाते. चिप वाचवते ती स्वतःला. त्याच पेटीतल्या बॅटरीला त्याने संरक्षण मिळत नाही आणि लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. वीजपुरवठ्याचे भाग आणि मेमरीही त्याच भट्टीत असतात. चिप बोर्डालाच जोडलेली असल्याने ती गेली की अनेकदा अख्खा बोर्ड बदलावा लागतो, आणि सालेकशाहून नागपूर रस्त्याने दीडशे किलोमीटरहून जास्त दूर आहे.

खोलीत कूलर लावला की झाले, ही हरकत याहून वजनदार आहे. हवा ४३ अंशांची आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर चांगला कूलर ती तिशीजवळ आणतो. सतरा अंशांची बहुतेक तूट तिथेच भरून निघते, म्हणून एप्रिल-मेमध्ये कूलर हा पहिला उपाय आहे, हे मान्यच केले पाहिजे. ओलाव्याची भीती त्यात अनाठायी आहे. हवेतली वाफ आपल्याहून गार पृष्ठभागावर जमते, आणि चालू लॅपटॉप खोलीहून गरम असतो. धोका असतो तो थेट उडणाऱ्या तुषारांचा आणि त्यातल्या क्षारांचा. तेव्हा लॅपटॉप झोताच्या तोंडी न ठेवता बाजूला ठेवावा. पण वीज गेली की कूलर थांबतो आणि इन्व्हर्टरवर पंखा व लॅपटॉप तेवढे चालू राहतात. उतरवलेले व्होल्टेज त्या तासातही काम करत असते.

तापमानाचा आकडा वाचतानाही तारतम्य हवे. ३० मे २०२४ रोजी नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद दाखवली आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने संवेदकातला दोष सांगितला. लॅपटॉपमध्येही एका संवेदकावर विसंबू नये. एचडब्ल्यूइन्फोसारख्या साधनात चिपचे सरासरी तापमान आणि सर्वांत तापलेल्या बिंदूचे तापमान वेगवेगळे दिसते. त्यांत दहा-पंधरा अंशांचे अंतर सामान्य आहे. ते वाढत वाढत पंचविशीकडे गेले, तर पेस्ट सुकल्याची किंवा सरकल्याची शंका घ्यावी. धान-मळणीच्या दिवसांनंतर पात्यांत साचलेली धूळ मऊ ब्रशने काढावी. ब्लोअर वापरलात, तर पंखा बोटाने धरून ठेवावा.

हिवाळ्यात विदर्भातल्या सर्वांत कमी तापमानाच्या बातम्यांत गोंदियाचे नाव वारंवार येते. तेव्हा हाच लॅपटॉप परीक्षणातल्या आकड्यांपर्यंत, कदाचित थोडा पुढेही, सहज जाईल. आफ्टरबर्नरमध्ये पाच वेगवेगळ्या मांडण्या जतन करता येतात. पहिल्या जागेवर मे महिन्याची ठेवा, दुसऱ्या जागेवर डिसेंबरची.