काळी, पांढरी आणि डोंगराचा मुरूम

सांताक्रूझच्या पूर्वेस, वाकोल्यात किंवा कलिन्यात, एखादी जुनी चाळ पाडून तेथे टोलेजंग इमारत उभारण्याचे काम निघाले की पत्र्याच्या कुंपणाआड काही महिने एक मोठा खड्डा उघडा पडलेला असतो. रस्त्याने जाणारा त्याकडे फारसे पाहत नाही. पाहिलेच तर धूळ आणि चिखल यांच्या त्रासापलीकडे त्याच्या मनात काही उरत नाही. परंतु क्षणभर थांबून त्या खड्ड्याच्या भिंतीकडे पाहावे. सर्वांत वर विटांचे तुकडे, राख, फरशीच्या कपच्या असा माणसाने घातलेला भराव. त्याखाली तपकिरी माती. नाल्याची बाजू असेल तर काळसर, चिकट गाळ. त्याखाली हाताने चुरावा असा पिवळट-तांबूस मुरूम. मग मुरमात रुतलेले गोटे, मग भेगाळलेला कातळ आणि तळाशी यंत्राच्या हातोड्यालाही सहजासहजी दाद न देणारा काळा पाषाण.

ठेकेदाराच्या हिशेबी ही केवळ खोदाईच्या दरांची उतरंड असते. मातीचा दर वेगळा, मुरमाचा वेगळा, कातळाचा वेगळा. वाहून आलेला गाळ आणि वरचा भराव सोडला, तर ही एकाच पदार्थाच्या अवस्थांची उतरंड आहे. पाषाण, मुरूम आणि माती या तीन वस्तू नव्हेत. पाणी, हवा आणि काळ यांनी एकाच वस्तूला दिलेली ती तीन रूपे होत. शाळेच्या भूगोलात ‘विदारण’ या शब्दाखाली आपण सर्वांनी हे कधी तरी पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरून गेलो. पण या विस्मृतीची किंमत मुंबईच्या उपनगरांनी माणसांच्या प्राणांनी मोजली आहे, म्हणून ती उजळणी आज करावयास हवी.

पाषाणाची माती होते कशी?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून उसळलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. मुंबईचे खडक त्या अग्निपर्वाच्या उत्तरार्धातले. अंधेरीची गिल्बर्ट हिल ही त्याची सर्वांत ठसठशीत खूण. सुमारे दोनशे फूट उंचीचे तिचे काळे उभे स्तंभ म्हणजे थंड होताना आकसलेला आणि आकसताना तडकलेला लाव्हाच. या तडा म्हणजे पाषाणाच्या घराला जन्मतःच राहिलेली दारे होत. त्यांतूनच पुढे पाणी आत शिरते.

बेसॉल्ट हा हजार अंशांहून अधिक उष्णतेत घडलेला खडक. त्यातील खनिजे ज्या परिस्थितीत जन्मली, ती आपल्या पावसाळी, दमट हवेत कोठेच नाही. तेव्हा पृष्ठभागावर येताच त्यांचे स्वास्थ्य हरपते. पावसाचे पाणी हवेतून आणि विशेषतः सडलेल्या पालापाचोळ्यातून कार्बन डायऑक्साइड घेते व सौम्य आम्ल बनते. हे आम्ल तडांतून झिरपत खडकातील फेल्डस्पारचे चिकणमातीत रूपांतर करते. लोहयुक्त खनिजांना हवा लागताच त्यांचा गंज होतो. मुरमाचा तांबूस रंग तो हाच. कॅल्शियम, सोडियम यांसारखी द्रव्ये विरघळून ओढ्यांतून समुद्राला मिळतात. उन्हाने तापणे, रात्री निवणे आणि पिंपळा-उंबराच्या मुळांनी तडा रुंदावणे हे सारे या रासायनिक कामाला हातभार लावते.

चौकोनी तुकड्याच्या कोपऱ्यावर हा हल्ला तीन बाजूंनी होतो, कडेवर दोन बाजूंनी आणि सपाटीवर एकाच. त्यामुळे कोपरे आधी झिजतात आणि चौकोनाचा गोटा होतो. रस्त्यासाठी कापलेल्या कोणत्याही टेकडीच्या कुशीत कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले असे गोटे दिसतात. अनेकांना ते नदीने वाहून आणलेले वाटतात. वस्तुतः ते जागचे हललेलेही नसतात.

मात्र नुसता चुरा म्हणजे माती नव्हे. त्या चुऱ्यात कुजलेली पाने, बुरशी, असंख्य सूक्ष्म जीव आणि गांडुळे यांचा संसार थाटला, म्हणजेच तिला माती म्हणावयाचे. चार्ल्स डार्विनने १८८१ मध्ये, आयुष्याच्या अखेरीस, एक संपूर्ण ग्रंथ गांडुळांच्या या कामगिरीवर लिहिला, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

एक खडक, दोन माती

महाराष्ट्रातील बहुतेक भागाला जन्म देणारा खडक एकच; पण माती एक नाही. सह्याद्रीच्या पूर्वेस पाऊस बेताचा, म्हणून खडकातून सुटलेली द्रव्ये पूर्णपणे वाहून जात नाहीत. तेथे पाण्याने फुगणारी आणि उन्हाळ्यात हात-हात भेगाळणारी काळी कसदार जमीन होते. पश्चिमेस कोकणात पावसाचा मारा एवढा की जवळजवळ सारे विरघळणारे धुऊन जाते. मागे उरते लोखंड आणि ॲल्युमिनियम. तोच दक्षिण कोकणचा जांभा. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये मलबारातील अशाच दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. आपल्याकडे त्याचे चिरे काढून घरे बांधणाऱ्यांना तो त्यापूर्वीच पुरता परिचित होता.

आपल्या पूर्वजांना या शास्त्राची परिभाषा अवगत नसेल, पण जमिनीची ओळख होती. बरड, मुरमाड, पोयटा, चोपण, खारवट असे नेमके शब्द शेतकऱ्याच्या तोंडी उगीच आले नाहीत. त्याहून अर्थपूर्ण जोडी म्हणजे ‘काळी’ आणि ‘पांढरी’. काळी ही पिकवायची जमीन, तर पांढरी ही वस्तीची. गावाचे व्यवहार बोलताना आजही जुनी माणसे हे दोन शब्द वापरतात. या जोडीत एक मोठा विवेक दडलेला आहे. प्रत्येक जमीन प्रत्येक कामाची नसते, आणि घर कोठे बांधावे हे ठरविण्यात जमिनीचाही शब्द असतो, हा तो विवेक होय. महानगराने काळी आणि पांढरी हा भेदच पुसून टाकला. चौरस फुटाचा भाव तेवढा शिल्लक राहिला. कोळे-कल्याणच्या खाजणांत भराव पडला, मिठीच्या काठच्या दलदलीवर कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, आणि ज्यांना सपाटीवर जागा परवडेना त्यांनी टेकड्यांच्या उतारांचा आसरा घेतला.

लेण्यांचे घड्याळ

विदारणाचा वेग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नसल्यासारखा वाटतो. पण उपनगरांत त्याचे एक घड्याळ आहे. अंधेरीजवळ कोंडिविट्याची महाकाली लेणी इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे सुमारे सहाव्या शतकापर्यंत कोरली गेली. ज्वालामुखीच्या तुकड्यांचा जमून बनलेला तेथील खडक झिजण्यास मूळचाच सोपा. कारागिराने छिन्नीने ताजा केलेला पृष्ठभाग त्या दिवसापासून पावसाच्या स्वाधीन झाला. आज तेथील स्तंभ आणि मूर्ती किती बोथटल्या आहेत ते पाहावे. दीड-दोन हजार वर्षांत नाक-डोळे पुसले जातात. पण एवढ्या काळातही तेथे शेत पिकेल इतकी माती झालेली नाही. एक वीत माती होण्यास किती पिढ्या लागत असतील, याचा अंदाज यावरून करावा.

घाटांतील कापणीतही अशीच एक खूण दिसते. दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा एक पातळ पट्टा असतो. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येण्यापूर्वी जो अवकाश मिळाला, त्यात पहिल्याचा माथा विदारून तो तयार झाला आणि पुढच्या लाव्हाने भाजला, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांच्या विसाव्यातही हे काम थांबले नव्हते.

पाऊस मोजला, डोंगर मोजला नाही

२६ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठपासूनच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच अवधीत कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर पाऊस पडला. सांताक्रूझला संपूर्ण पावसाळ्यात सरासरीने सव्वादोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याचा सुमारे चाळीस टक्के हिस्सा एका दिवसात कोसळला. तो आकडा जगभर गेला. मिठी नदीचा कोंडलेला प्रवाह, बुडालेले लोहमार्ग, रात्रभर पाण्यातून चालणारी माणसे यांची चर्चा झाली, आणि ती व्हावयासच हवी होती. पण त्याच दिवशी वेधशाळेपासून फार दूर नसलेल्या साकीनाक्यास टेकडीचा उतार वस्तीवर घसरला आणि सत्तरच्या आसपास माणसे गाडली गेली. या मृत्यूंचे कारण केवळ पाऊस नव्हे. पावसाखाली काय होते, हेही त्याचे कारण होय.

उतारावरचा मुरूम टिकून असतो तो कणाकणांतील घर्षणामुळे. पाणी कणांमधल्या पोकळ्यांत भरले की त्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर सारतो. घर्षण घटते आणि त्याच वेळी थराचे वजन वाढते. खाली अभंग कातळ असल्याने पाण्यास आणखी खोल जाता येत नाही. ते मुरूम आणि कातळ यांच्या सांध्यावर साचते आणि तो सांधा घसरगुंडी बनतो. त्यातच कोणी घरासाठी, खाणीसाठी किंवा रस्त्यासाठी उताराचा पायथा कापलेला असेल, तर वरच्या भाराला टेकण्यास काहीच उरत नाही. मग शेकडो शतकांनी रचलेला थर काही क्षणांत खाली येतो.

जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या टेकडीवर हेच झाले आणि साठहून अधिक बळी गेले. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव १५१ माणसांसह मातीखाली गेले. १८ जुलै २०२१ रोजी चेंबूरच्या भारतनगरात उतारावरील भिंत घरांवर कोसळून १९ जण दगावले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसे कधीच सापडली नाहीत. यांतील बहुतेक तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत, हा निव्वळ योगायोग नव्हे. जूनपासून पाणी पीत आलेला डोंगर तोवर तुडुंब झालेला असतो. शेवटच्या दिवसाचा पाऊस हे निमित्त ठरते. तयारी त्याआधी महिनाभर चाललेली असते.

करावयाचे काय?

‘तेथे राहावयास कोणी सांगितले होते?’ हा प्रश्न प्रत्येक दुर्घटनेनंतर ऐकू येतो. तो विचारणे सोपे आहे. परंतु उतारावर राहणारा माणूस हौसेने तेथे गेलेला नसतो. त्याच्या कष्टावर शहर चालते आणि शहरापाशी त्याच्यासाठी सपाट जमीन नसते. तेव्हा सर्वाधिक धोक्याच्या उतारांवरील कुटुंबांना त्यांच्या रोजगाराच्या टापूतच पर्यायी घरे देणे हाच खरा उपाय होय. शहराच्या दुसऱ्या टोकाला दिलेले घर तो सोडून येईल आणि पुन्हा उतारावर चढेल, यात नवल नाही.

तोवर करण्याजोगी कामे थोडी नाहीत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशातील डोंगराळ प्रदेशांचे दरडप्रवणतेचे नकाशे तयार केले आहेत. पण त्यांचे प्रमाण पन्नास हजारास एक, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर प्रत्यक्षात अर्धा किलोमीटर. उपनगरातील एखादी संपूर्ण टेकडी एवढ्यात मावून जाते. कोणत्या गल्लीमागे मुरूम किती जाड आहे आणि कातळ किती खोल, हे त्यातून कळत नाही. गंमत अशी की ही माहिती याच शहरात रोज जमा होत असते. प्रत्येक पुनर्विकासापूर्वी, प्रत्येक उड्डाणपुलापूर्वी, भुयारी मेट्रोच्या प्रत्येक स्थानकापूर्वी जमिनीत भोके पाडून थरांच्या नोंदी होतात. त्या फायलींत बंद न राहता एका ठिकाणी आल्या आणि लोकांसाठी खुल्या झाल्या, तर उपनगरांच्या पोटातला नकाशा फारशा खर्चाविना तयार होईल.

दुसरे असे की केवळ ‘अतिवृष्टीचा इशारा’ पुरेसा नाही. मागील पंधरा दिवसांत किती पाऊस मुरला, याच्या जोडीने आजचा पाऊस मोजून उतारांसाठी स्वतंत्र इशारा द्यावयास हवा. तिसरी गोष्ट संरक्षक भिंतींची. भिंतीमागचे पाणी बाहेर पडावे म्हणून ठेवलेली छिद्रे राडारोड्याने बुजली, तर ती भिंत संरक्षण करीत नाही. मागे पाण्याचा दाब साठवून ती स्वतःच संकट बनते. मेअखेर नाले साफ करण्याचा जो गाजावाजा होतो, त्याच्या निम्म्यानेही लक्ष या छिद्रांकडे गेले तर पुष्कळ साधेल. उतारावरची झाडे आणि त्यांची मुळे राखणे हाही त्याचाच भाग होय. मात्र जेथे पायथाच कापला आहे, तेथे वरच्या झाडांवर सारी भिस्त ठेवणे व्यर्थ.

वाकोल्यातला तो खड्डा काही दिवसांत काँक्रीटने भरून जाईल. त्यातून निघालेला मुरूम ट्रकांत भरून कोठल्या तरी सखल जागी ओतला जाईल आणि तेथे नवा भराव तयार होईल. पुढे कधी तरी त्या भरावावरही घर उठेल. खडकाची माती होणे कोणाच्या हाती नाही. ते काम पाऊस करीत आला आहे आणि करीत राहील. पण त्या मातीवर घर कोठे बांधावे आणि कोठे बांधू नये, हे मात्र आपल्या हाती आहे. खेड्यातल्या निरक्षर माणसाने काळी आणि पांढरी या दोन शब्दांत ते ठरवून टाकले होते. वेधशाळा, विद्यापीठ आणि भुयारी रेल्वे असलेल्या या महानगराला तेवढा विवेक परवडू नये काय?