जिनिव्हाचा निधी आणि गावचा कर्णा

माहितीसमाजविषयक जागतिक शिखर परिषद डिसेंबर २००३ मध्ये जिनिव्हात भरली, तेव्हा विकसनशील देशांच्या मागणीचा रोख पैशावर होता. सेनेगलचे तत्कालीन अध्यक्ष अब्दुलाय वाद यांनी ‘डिजिटल एकता निधी’चा प्रस्ताव मांडला, श्रीमंत राष्ट्रांनी त्याला बंधनकारक रूप येऊ दिले नाही. ऐच्छिक देणग्यांवर विसंबलेला हा निधी २००५ मध्ये उभा राहिला आणि दशक संपण्यापूर्वीच गुंडाळला गेला. मात्र आंतरराष्ट्रीय सहकार्याचा एक चालता नमुना परिषदेच्या कितीतरी आधी चेन्नईत सिद्ध झाला होता. दिल्लीने तो उचलला, पण अर्धाच.

चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने १९९८ मध्ये पुदुच्चेरीच्या खेड्यांत माहिती केंद्रे सुरू केली. पैसा कॅनडाच्या आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्राचा, अटी प्रतिष्ठानच्या. जागा गावाने द्यावी, तिचे दार दलितांनाही खुले असावे आणि केंद्र गावातल्याच माणसांनी, विशेषतः स्त्रियांनी चालवावे. वीरमपट्टिणम या मच्छीमारांच्या गावी अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावरून लाटांच्या उंचीचा अंदाज उतरवून घेतला जाई आणि कर्ण्यावरून तमिळमध्ये ऐकवला जाई. महासत्तेच्या आरमाराची माहिती लहान होड्यांच्या कामी आली, ती कोणत्याही करारावाचून!

या व्यवस्थेची कसोटी २६ डिसेंबर २००४ रोजी नल्लवाडू गावात लागली. सिंगापुरात असलेल्या गावच्याच एका तरुणाने दूरचित्रवाणीवर त्सुनामीचे वृत्त पाहून घरी दूरध्वनी केला. ज्ञानकेंद्राच्या कर्ण्यावरून इशारा गेला आणि साडेतीन हजारांहून अधिक लोकवस्तीचे गाव किनाऱ्यावरून हटले. घरे, होड्या गेल्या, माणसे वाचली. त्या दिवशी देशाकडे त्सुनामीची पूर्वसूचना देणारी यंत्रणाच नव्हती. हैदराबादचे केंद्र ऑक्टोबर २००७ मध्ये कार्यान्वित झाले.

महाराष्ट्राचा अनुभव याशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. त्याच १९९८ साली केंद्र, राज्य आणि सहकारी संस्था यांनी मिळून वारणा खोऱ्यातील सुमारे ७० गावांत संगणक नेले. त्यांचा वापर बव्हंशी उसाच्या हिशेबापुरता उरला. पुढे २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरु येथील संशोधकांनी सात गावांत तेच काम भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशांवर करून दाखवले. वारणेत यंत्र आले, पण काय विचारायचे हे गावाने ठरवलेले नव्हते.

स्वामिनाथन यांनी ‘मिशन २००७’ या नावाने प्रत्येक खेड्यात ज्ञानकेंद्र नेण्याची मोहीम उभारली. सप्टेंबर २००६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक लाख सामायिक सेवा केंद्रांच्या, ५,७४२ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. संख्या आली, वाटा सरकारी-खासगी भागीदारीच्या निघाल्या. केंद्रचालक ‘ग्रामउद्योजक’ झाला आणि त्याची कमाई दाखल्यांवर, देयकांवर, अर्जांवर मिळणाऱ्या शुल्कात अडकली. त्याला दोष देता येत नाही. वीज आणि भाडे त्यालाच भरायचे असते. पण लाटेची उंची सांगण्याला शुल्क नाही. २०११ नंतर ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू टाकण्याची योजना आली, तरी तारेच्या टोकाशी बसणाऱ्या माणसाच्या वेतनाचा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला.

जिनिव्हा, २००५ चे ट्युनिस, डिसेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कला झालेला वीस वर्षांचा आढावा, या साऱ्या प्रवासात तारा, निधी आणि इंटरनेटवरील नियंत्रण यांवर भरपूर खल झाला. कॅनडाच्या पैशातून पुदुच्चेरीत ज्या गोष्टीवर खर्च झाला, ती म्हणजे गावातली प्रशिक्षित बाई आणि तिची भाषा. अर्थसंकल्पात तिच्यासाठी वेगळे लेखाशीर्ष आजही नाही.