विडी-सिगारेट सोडविणारी औषधे : त्रास आणि उपाय

धूम्रपानाचे दुष्परिणाम आपण सर्वजण जाणतो. परंतु ते सोडण्यासाठी औषध घेणाऱ्या माणसाला त्या औषधाचा जो त्रास होतो, त्याविषयी फारसे बोलले जात नाही. परिणामी काहीजण आठवड्याभरातच ‘हे औषध मला मानवत नाही’ असे म्हणून ते बंद करतात आणि पुन्हा विडीकडे वळतात. वास्तविक यांतील बहुतेक त्रास सौम्य, तात्पुरते आणि साध्या उपायांनी आटोक्यात येणारे असतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

त्रास कशाचा, हे आधी ओळखावे

धूम्रपान थांबविल्यावर चिडचिड, बेचैनी, जास्त भूक, कामात लक्ष न लागणे, झोपमोड व बद्धकोष्ठता ही लक्षणे दिसतात. ती पहिल्या आठवड्यात जोरात असतात आणि बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. हा दोष औषधाचा नसून निकोटीन सुटल्याचा आहे. अशा वेळी औषध बंद केल्यास त्रास कमी न होता वाढण्याचाच संभव अधिक.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तंबाखूच्या धुरामुळे शरीर चहा-कॉफीतील कॅफिनचा निचरा लवकर करते. धूर थांबला की तेवढ्याच चहाचा अंमल जास्त वेळ टिकतो. छातीत धडधड होते, झोप येत नाही आणि दोष मात्र गोळीला दिला जातो. म्हणून चहा निम्म्यावर आणावा व दुपारनंतर टाळावा.

निकोटीनचे च्युइंगम व पट्टी

‘औषधातही निकोटीनच, मग उपयोग काय?’ असा प्रश्न विचारला जातो. निकोटीनमुळे व्यसन लागते हे खरे. पण कर्करोग व हृदयविकार यांना मुख्यत्वे धुरातील डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर विषारी द्रव्ये कारणीभूत असतात.

च्युइंगम नेहमीच्या गोळीसारखे भराभर चघळल्यास निकोटीन पोटात जाऊन उचकी, जळजळ व मळमळ होते. ते सावकाश चावावे, तिखटसर चव येताच गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवावे, चव गेली की पुन्हा चावावे. असे सुमारे अर्धा तास करावे. त्याच्या पंधरा मिनिटे आधीपासून ते तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी वा सरबत घेऊ नये.

पट्टीखाली खाज सुटत असल्यास रोज जागा बदलावी. तीच जागा आठवडाभर पुन्हा वापरू नये. विचित्र स्वप्ने पडत असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने पट्टी झोपताना काढावी. वापरलेली पट्टी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

गोळ्या

व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्याव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या दोहोंचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला आहे.

व्हॅरेनिक्लिनने पूर्ण मात्रेवर दहांपैकी सुमारे तिघांना मळमळ होते. यासाठीच पहिल्या आठवड्यात मात्रा हळूहळू वाढवितात. गोळी उपाशीपोटी न घेता जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. झोप बिघडत असल्यास दुसरी गोळी निजताना न घेता संध्याकाळच्या जेवणानंतर घ्यावी. त्रास टिकल्यास डॉक्टर मात्रा कमी करू शकतात.

या गोळीने मनावर परिणाम होतो, अशी भीती होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये तसा ठळक इशाराही दिला होता. पुढे सुमारे ८,००० व्यक्तींच्या अभ्यासानंतर २०१६ मध्ये तो काढून टाकण्यात आला. तरीही मन फार उदास झाल्यास लगेच डॉक्टरांना सांगावे.

ब्युप्रोपिऑनने तोंड कोरडे पडते व झोप कमी होते. पाण्याचे घोट घ्यावेत. दोन गोळ्यांत किमान आठ तासांचे अंतर ठेवून दुसरी गोळी शक्यतो संध्याकाळी लवकर घ्यावी. फिट येणाऱ्यांनी हे औषध घेऊ नये. दोन्ही गोळ्या चालू असताना दारूपासून दूर राहणेच हिताचे. मात्र रोज पिणाऱ्याने ती एकाएकी न सोडता आधी डॉक्टरांना सांगावे.

विलंब नको

छातीत दुखणे, फिट येणे, चेहरा सुजणे, अंगावर पुरळ उठणे किंवा आत्महत्येचे विचार येणे, यांपैकी काहीही झाल्यास औषध थांबवून त्वरित दवाखाना गाठावा. गरोदर स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण, तसेच थिओफायलिन, इन्सुलिन वा मानसिक आजाराची औषधे घेणाऱ्यांनी आधीच डॉक्टरांना कल्पना द्यावी. धूम्रपान सुटल्यावर त्या औषधांची मात्रा बदलावी लागू शकते.

विद्यार्थी मित्रांनी येथे मोठी मदत करावी. घरातील वडीलधारी व्यक्ती औषध घेत असेल, तर औषधाची वेळ, झालेला त्रास आणि चहाचे कप एका वहीत टिपून ठेवावेत. ती वही पाहून डॉक्टरांना निर्णय घेणे सोपे जाते. शासनाच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनीवरही सल्ला मिळतो. एखाद्या दिवशी विडी ओढली गेली, तरी ‘सगळे फुकट गेले’ असे समजू नये आणि घरच्यांनीही टोमणे मारू नयेत. दुसऱ्या दिवशी औषध पुढे चालू ठेवावे. त्रास काही आठवड्यांचा आहे. मोकळा श्वास मात्र आयुष्यभराचा.