पाटी नवी, पेन नवा. मग रेघ का बिघडली?

केज तालुक्यात माझी बहीण दिलेली आहे. दिवाळीच्या सुमारास ती आणि दाजी कोयता घेऊन कारखान्यावर जातात. मागं घरी आजी आणि भाची. पोरीचं अक्षर वळणदार. म्हणून गेल्या साली उसाच्या पैशातून तिला ग्राफिक्स टॅब्लेट, म्हणजे संगणकाची चित्रपाटी घेऊन दिली. तिच्यावर ती लग्नपत्रिका काढते.

ऐन लग्नसराईत घोटाळा झाला. पेन हलका टेकवा की दाबा, रेघ सारखीच जाड! पत्रिका तर सकाळी छापखान्यात द्यायची. बहिणीनं फोनवर विचारलं, "मुकादमाकडून आणखी उचल घेऊ का गं? नवी आणू."

"नको आई, उद्यापर्यंत थांब," भाची म्हणाली. उचल फेडायला किती मोळ्या बांधाव्या लागतात, हे त्या पोरीला ठाऊक आहे.

वाचकहो, अशा वेळी पाटी मोडली असं लगेच धरू नका. पाटीच्या पोटात तारांची जाळी असते. पुष्कळ पाट्यांच्या पेनात बॅटरी नसते; जाळीच्या चुंबकीय क्षेत्रातूनच त्याला वीज मिळते. हाताचा दाब पाटी ओळखते, काही पाट्या तर ८१९२ पायऱ्यांपर्यंत. हा निरोप संगणकाला पोचवणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. एका बैलजोडीला दोघांनी दोन बाजूंनी हाकलं तर तास सरळ कसं निघेल? भाचीनं पूर्वी मैत्रिणीची दुसऱ्या कंपनीची पाटी जोडली होती. तिचा ड्रायव्हर आत तसाच राहिला होता.

उपाय सोपा आहे. काम सेव्ह करून पाटी काढा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या यादीतून जुने-नवे, पाट्यांचे सगळे ड्रायव्हर काढून टाका. संगणक बंद करून पुन्हा चालू करा. मग आपल्याच पाटीच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घेऊन बसवा.

तरीही दाब कळेना, तर वाट तपासा. विंडोजमध्ये पेनाचा निरोप दोन वाटांनी जातो: विनटॅब आणि विंडोज इंक. ड्रायव्हर एका वाटेवर आणि चित्राचा प्रोग्रॅम दुसऱ्या वाटेवर असला की गाठ पडत नाही. क्रिटा हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरत असाल, तर त्याच्या टॅब्लेट सेटिंग्जमध्ये वाट बदला आणि क्रिटा बंद करून पुन्हा उघडा.

रात्री अकराला रेघ सुधारली. आजीनं चष्मा पुसून पडद्यावर पाहिलं. "आता कसं! अक्षरात जीव आला बघ."

सकाळी पत्रिका छापखान्यात गेली. उचल घ्यावी लागली नाही. घरात अशी पाटी असेल, तर एवढं ध्यानात ठेवा: दुसऱ्याची पाटी जोडलीत, तर तिच्याबरोबर तिचा ड्रायव्हरही माघारी धाडा.